एकच टोचा

तिनं एकशे सतरा नंबरची नळी खिडकीपाशी उजेडात धरली, जराशी तिरपी केली आणि यंत्राच्या खाचेत उभी केली. प्रत्येक नळी ती अशीच उजेडात धरायची. आज हात अंमळ जास्त वेळ वर राहिला. पिवळं टोपण, पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर काळ्या शाईतले तीन आकडे. नाव नाही. या कामात नावं खाली उतरतच नसत. पण एकशे सतरा म्हणजे तिचे वडील होते. काल दुपारी ती चिकटपट्टी तिनंच वर नेऊन दिली होती.

सुई खाली आली, थेंब उचलून गेली. इस्पितळाच्या तळघरातली ही लॅब अर्धी जमिनीत होती. खिडकीतून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं दिसत. घाईची पावलं, रेंगाळणारी पावलं, मधूनच एखादी काठी. दहा मिनिटं ती पावलं बघत बसायची, आणि मग आकडा यायचा.

आकडा आला. शून्य पूर्णांक आठ.

तिनं फोन उचलला. खरं तर हातानंच तो उचलला, हाताला ती वाट पाठ होती. एक पूर्णांक दोनच्या खाली काही आलं की लगेच वर कळवायचं, असा नियम होता.

"एकशे सतरा. शून्य पूर्णांक आठ."

"शून्य आठ? बरं. सरांना सांगते, लगेच लावतील."

फोन ठेवला गेला. ती स्टुलावर बसली.

दीड वर्ष हे काम चाललं होतं. हृदयविकाराचा झटका येऊन जो कोणी वर दाखल होई, त्याच्या रक्तातलं मॅग्नेशियम मोजायचं. हृदयविभागाच्या सरांची ती कल्पना, त्यांचाच ध्यास. चिमूटभर क्षार, पण तो कमी पडला की हृदयाची लय बिघडते, ठोका चुकतो, एखाद्याचा कायमचा चुकतो. रोजच्या तपासण्यांच्या नळ्या पलीकडच्या मोठ्या लॅबकडे जात. ही एक जास्तीची नळी तेवढी तिच्याकडे येई, आणि तिच्यात ती फक्त मॅग्नेशियम बघे. बऱ्याच जणांचं ठीक निघे, दोनच्या आसपास. काहींचं पार तळाला गेलेलं असे. आणि जे तळाला गेलेले तेच जास्त दगावतात, हे सरांच्या लक्षात आलं. वर्षभरापूर्वी त्यांनी नियम केला: आकडा खाली आला की वाट बघायची नाही, सलाईनमधून मॅग्नेशियम सोडायचं. उद्या सकाळी सर हे सगळं घेऊन परगावी एका मोठ्या परिषदेत बोलायला जाणार होते. त्यांची बॅग म्हणे दोन दिवसांपासून भरलेली होती.

असे एकतीस फोन तिनं आजवर केले होते. हा बत्तिसावा. एकतीस वेळा फोन ठेवून तिनं पुढची नळी उचलली होती.

बाबांच्या किडन्या थकलेल्या होत्या. थकल्या किडनीला जास्तीचं मॅग्नेशियम बाहेर टाकता येत नाही. ते साचत जातं, नाडी मंदावते, श्वास मंदावतो, आणि माणूस पेंगल्यासारखा दिसता दिसता निसटून जातो. सरांनाही हे ठाऊक होतं. पण शून्य आठ म्हणजे विहिरीचा तळ दिसण्यासारखं. तळ दिसल्यावर कोणीही पाणी ओतलंच असतं.

ती उठून उभी राहिली. कशासाठी, ते तिला आठवेना. यंत्रासमोर जाऊन ती नुसती बघत राहिली, आणि तिला बाबांचं टेबल दिसलं.

बाबा काटे दुरुस्त करायचे. किराणावाल्यांचे, भंगारवाल्यांचे, सोनारांचे काटे त्यांच्या टेबलावर येत. शाळेतून आली की ती शेजारच्या खोक्यावर बसे. काटा कितीही घाईचा असो, बाबा आधी दोन्ही पारडी फडक्यानं पुसत आणि त्यात काहीच न ठेवता बघत बसत. रिकामा कसा उभा राहतो ते आधी बघायचं, बाई, असं म्हणत. मग वरच्या खिशातून आपलं खरं वजन काढत, मऊ कापडात गुंडाळलेलं, आणि ते ठेवून बघत. मालाला खोटं म्हणायची घाई त्यांनी कधी केली नाही.

तिनं नळी परत बाहेर काढली. वर पिवळसर पाणी, मधे जेलचा थर, खाली लाल. तिनं एक बारीक काडी घेतली, जेलमधून आरपार नेली आणि खालचं लाल ढवळून बघितलं. गोठलेलं रक्त काडीला गोळ्यासारखं लागतं, काडीबरोबर उचललं जातं. इथं काडी पाण्यात फिरावी तशी फिरली.

हे नवीन नव्हतं. या कामातल्या नळ्यांत रक्त पुष्कळदा असंच पातळ राहिलेलं असे. पहिल्याच महिन्यात तिनं सरांना विचारलंही होतं. सर म्हणाले होते की झटक्याच्या रुग्णांना रक्त पातळ करायचं औषध चालू असतं, ते लवकर कसं गोठेल. उत्तर इतकं चोख होतं की ती पुन्हा कधी विचारायला गेली नाही.

पण बाबांना ते औषध दिलेलंच नव्हतं. गेल्या वर्षी त्यांच्या पोटात रक्तस्राव झाला होता. काल तिनंच सरांना जिन्यात गाठून ते सांगितलं होतं, आणि सरांनी तिच्या डोळ्यांदेखत कागदावरचं ते औषध खोडलं होतं.

मग हे रक्त गोठलं का नाही?

उरलेल्या थेंबांवर तिनं दोन तपासण्या लावल्या. दीड वर्षात या नळ्यांवर त्या तिनं एकदाही लावल्या नव्हत्या, कारण कोणी मागितल्याच नव्हत्या. पोटॅशियम आणि कॅल्शियम. सुई पुन्हा खाली आली. तेवढ्यात तिनं वर फोन लावला. फोनवर कोणीतरी बोलत होतं. ठेवून पुन्हा लावला. अजून बोलत होतं.

पोटॅशियम यंत्राच्या वरच्या टोकाबाहेर गेलं. कॅल्शियम खालच्या टोकाला जाऊन बसलं, जवळजवळ नाहीच.

असा माणूस जिवंत नसतो. आणि हा माणूस आज सकाळी आठ वाजता तिला सांगत होता की इथला चहा म्हणजे गरम पाण्याला चहाची नुसती आठवण झालेली.

तेव्हा तिला कळलं. जांभळी नळी.

रक्तातल्या पेशी मोजायच्या असतात तेव्हा रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. त्या नळीला आतून एक क्षार फवारलेला असतो. तो कॅल्शियमला पकडून ठेवतो, म्हणून रक्त गोठत नाही. कॅल्शियमच्या जोडीनं तो मॅग्नेशियमलाही पकडतो. आणि तो क्षार स्वतः पोटॅशियमचा असतो. जांभळीतलं रक्त कोणी पिवळीत ओतलं, तर माणसाच्या शरीरात सगळं जिथल्या तिथं असतं, आणि कागदावर तो माणूस रिता झालेला असतो.

ती जिन्यानं धावली. तीन मजले. लिफ्टच्या दाराशी माणसं उभी होती, त्यांच्यातल्या कोणीतरी तिला जागा करून दिली, पण ती थांबली नाही.

बाबांची खाट खिडकीजवळची. सलाईनची बाटली आताच टांगलेली, अजून डोलत होती. थेंब सुरू झाले होते. तिनं नळीवरची चाकी बोटानं खाली ओढली, आणि थेंब अधांतरी अडला.

"अगं आकडेवाली, हे काय," मागून सिस्टर म्हणाली. "सरांनी सांगितलंय लावायला. तुझ्याच फोनवर सांगितलंय."

या सिस्टरला सगळं इस्पितळ एकटोची म्हणत असे. तोंडावर म्हणत आणि ती हसून ओ देई. वीस वर्षं तिचा शब्द होता: ती एकदाच टोचणार. शीर कितीही लपलेली असो, ती रुग्णाचा हात मांडीवर घेऊन बसे, दोन बोटांनी थोपटत राही, आणि हलक्या आवाजात म्हणत राही:

ये गं निळाई, वर ये जरा,
एकच टोचा, एकच खरा.

म्हातारी माणसं ते ऐकून डोळे मिटत. सुई कधी गेली ते त्यांना कळत नसे. दुसऱ्या वॉर्डातले लोक निरोप धाडत, एकटोचीला पाठवा. तळघरात आकडे आणि वर ही, असं सर गमतीनं म्हणत. आपल्या कामाचे हे दोन खांब.

"काय गं," बाबा उशीवरून म्हणाले, "माझं वजन कमी भरलं वाटतं?"

"काटा बघतेय, बाबा."

बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

ती सिस्टरकडे वळली. आधी समजावून सांगायचं होतं, पण तोंडून सरळ प्रश्नच आला.

"ही पिवळी नळी कशी भरलीत, सिस्टर?"

सिस्टरनं लपवायसारखं त्यात काही मानलंच नव्हतं. तिनं सगळं सांगितलं, एखादी पाककृती सांगावी तसं. बाबांच्या हाताच्या शिरा म्हणजे ओल्या दोऱ्या. एक मिळाली, तिच्यातून मोठ्या लॅबची नळी झाली, जांभळी झाली, आणि पिवळी अर्ध्यावर येईतो शीर बसली. मग जांभळीत होतं त्यातलं थोडं पिवळीत ओतलं. रक्त काय, एकाच माणसाचं, एकाच शिरेचं, एकाच घटकेचं.

"शब्द दिला होता ना त्यांना," ती म्हणाली. "एकदाच टोचेन म्हणून."

"नेहमी असं करता?"

"नेहमी कशाला? ज्यांची शीर सापडत नाही त्यांचंच. थकलेली माणसं असतात गं. हातपाय गार, नाडी लागत नाही. त्यांना पुन्हा कुठं टोचत बसायचं?"

ती सिस्टरकडे बघत राहिली. वॉर्डात कुठंतरी पेला खाली पडून घरंगळत गेला. ज्यांची शीर सापडत नाही. थकलेली. हातपाय गार. म्हणजे जे आधीच काठावर आहेत ते. त्यांच्याच नळीत जांभळीतलं रक्त. त्यांचाच आकडा तळाला. आणि तेच जास्त दगावतात. सरांची दीड वर्षाची ती रेघ, ज्यांचं मॅग्नेशियम कमी ते जास्त जातात, ती तिच्या डोळ्यांसमोर शेवटापासून सुरुवातीकडे उसवत आली, एक टाका सुटला की शिवण सुटावी तशी.

"सिस्टर, सुई द्या," ती म्हणाली. "मला नवीन नळी भरायचीय."

सिस्टरचा हात ट्रेकडे गेला आणि मधेच थांबला.

"मी शब्द दिलाय."

"तो मी मोडतेय."

बाबांनी दुसरा हात पांघरुणातून बाहेर काढला. त्यांना सगळं कळलं नव्हतं, पण पोरीचा आवाज कळला होता. तळहाताच्या मागची एक शीर तिला पहिल्यांदा चुकली. बाबांनी श्वास आत घेतला. दुसऱ्यांदा मिळाली. पिवळी नळी हळूहळू भरत गेली, वरपर्यंत, आणि सिस्टर शेजारी उभी राहून आपल्या दोन बोटांनी हवेतच काहीतरी थोपटत राहिली.

सर आले तेव्हा त्यांच्या हातात उद्याच्या भाषणाचे कागद होते, समासात पेन्सिलीच्या खुणा केलेले. सलाईन का बंद आहे, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. जांभळी, पिवळी, पोटॅशियम, कॅल्शियम. ती न अडखळता बोलली, सलग, खालच्या आवाजात, आणि बोलताना तिचं लक्ष सरांच्या हातातल्या कागदांवर होतं. वरच्या कागदावर एका आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल काढलेला होता.

ही एक नळी चुकली असेल, असं सर म्हणाले. मग ते सिस्टरकडे वळले, आणि सिस्टरनं जे तिला सांगितलं तेच त्यांनाही सांगितलं, त्याच साधेपणानं. या वेळी तिचं वाक्य मधेच संपलं. सरांच्या तोंडावर तिला काहीतरी दिसलं होतं.

सर रिकाम्या खाटेच्या कडेवर बसले. डॉक्टर खाटेवर बसत नाहीत. आजूबाजूचे रुग्ण बघू लागले.

"दीड वर्ष," ते तिला म्हणाले. रागानं नाही. खरंच विचारत होते. "दीड वर्षात तुझ्या कसं लक्षात आलं नाही?"

तिच्याकडे उत्तर होतं. तुम्हीच म्हणाला होतात, औषधामुळं गोठत नाही. ते उत्तर खोटंही नव्हतं. पण तोंडून ते आलं नाही.

"त्यांच्यात माझं कोणी नव्हतं," ती म्हणाली.

सरांनी मान खाली घातली. मग त्यांनी विचारलं, आत्ता या घडीला कोणाला चालू आहे? ती आठवू लागली, कालचा फोन, एकशे चौदा. पण तिला फक्त आकडा ठाऊक होता, खाट नाही. सिस्टरला विचारावं म्हणून तिनं वळून बघितलं तर सिस्टर जागेवर नव्हती. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, नऊ नंबरच्या खाटेजवळ, ती हात वर करून उभी होती. चाकी ओढून झाली होती. तरीही ती बाटलीकडे बघत तशीच उभी होती, अजून एखादा थेंब निघेल आणि आपल्याला तो झेलायला लागेल, अशी.

खाली आल्यावर अर्ध्या तासानं बाबांचा आकडा आला. दोन पूर्णांक शून्य. पोटॅशियम ठीक. कॅल्शियम ठीक. तिनं फोन केला, आणि फोन ठेवून पुढची नळी उचलली नाही. टेबलावर डोकं टेकलं. बाबा वाचले, असं मनात येईना. बाबांचं काही कमी झालंच नव्हतं. जे होणार होतं ते तीच करणार होती.

मग ती उठली आणि फ्रीझर उघडला. कामातल्या प्रत्येक नळीतले उरलेले थेंब छोट्या कुप्यांत भरून तिथं ठेवलेले होते, नंबरवार, ओळीनं, पांढऱ्या बर्फाची साय अंगावर घेऊन. एकतीस कुप्या तिला काढायच्या होत्या. सरांनी सांगितलं होतं, एकूण एक. परिषदेला ते जाणार नव्हते. कोणाला तरी फोन करून तसं सांगताना तिनं त्यांना ऐकलं होतं. कारण विचारलं गेलं असावं, कारण सर म्हणाले, "माझंच कारण आहे."

दुपारी अडीचला पाळी बदलली, आणि सिस्टर खाली आली.

वीस वर्षांत ती इथं कधी आली नव्हती. दारातच थांबली. खिडकीतून जाणारी पावलं बघून तिला नवल वाटलं असावं. थोडा वेळ ती तीच बघत राहिली. मग तिनं स्टूल ओढलं, बसली, आणि डाव्या हाताची बाही वर सरकवली.

"घे," ती म्हणाली.

"काय?"

"माझं रक्त. पिवळीत घे, जांभळीत घे. मग मी ओतते. मी ओतते तसं ओतते, आणि तू मोज. तू सांगतेस ते मला कळलंय. पण मला बघायचंय."

तिला नाही म्हणायचं होतं. तुमच्यावर माझा विश्वास आहे, असलं काहीतरी. पण सिस्टरचा हात टेबलावर पालथा-उताणा होऊन स्थिर झाला होता, फडक्यातून काढून ठेवलेल्या वजनासारखा. ती सुई घेऊन बसली. शीर चांगली होती, ठसठशीत. एकदाच टोचावं लागलं. एक पिवळी भरली. एक जांभळी भरली. दुसरी पिवळी अर्धी भरली, आणि ती सिस्टरनं स्वतःच्या हातात घेतली, जांभळीचं टोपण अंगठ्यानं उडवलं आणि एका धारेत ओतलं. एक थेंब सांडला नाही. वीस वर्षांचा हात होता.

दोन्ही पिवळ्या नळ्या स्टँडवर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. ओळखू येणार नाहीत इतक्या सारख्या.

अर्धा तास थांबायचं होतं. दोघी त्या नळ्यांकडे बघत बसल्या. वीस मिनिटांनी पहिलीतलं रक्त धरू लागलं, दही लागावं तसं, कडेपासून. तिनं नळी तिरपी केली तर ते हललं नाही. दुसरी तिरपी केली. रक्त एका बाजूनं दुसऱ्या बाजूला वाहत गेलं.

सिस्टरनं ती नळी तिच्या हातातून घेतली आणि स्वतः तिरपी केली. मग परत उलट्या बाजूला.

"ओतायचं नसतं, हे शिकवलं होतं," ती हळू म्हणाली. "का ओतायचं नसतं ते कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, शिस्त म्हणून असेल."

यंत्रात घालण्याआधी तिनं नुसतं पाणी लावलं. शून्य आलं. रिकामा काटा सरळ उभा होता. मग दोन्ही नळ्या लावल्या.

पहिली: दोन पूर्णांक एक.

दुसरी: शून्य पूर्णांक नऊ.

एकच बाई. एकच दंड. एकच घटका.

सिस्टरनं दोन्ही आकडे वाचले. मग तिची नजर यंत्रावरून टेबलावर आली, तिथं कापसावर काही कुप्या ठेवल्या होत्या. त्यांच्या अंगावरची बर्फाची साय हळूहळू ओली होत होती आणि खालून आकडे वर येत होते.

"यांतली ग्रंथालयातली बाई कोणती?" तिनं विचारलं.

"मला नावं माहीत नसतात, सिस्टर."

"किडनी खराब होती तिची. केस एवढेसे. फेब्रुवारीत आली होती, पहिल्या आठवड्यात. हात दिला माझ्या हातात आणि म्हणाली, तुमच्याबद्दल ऐकलंय. सलाईन लावल्यावर दुपारभर झोपली. आम्ही म्हटलं, बरं झालं, आराम पडला. संध्याकाळी उठवायला गेले तर..." ती थांबली. "सर म्हणाले होते, फार उशिरा पोचलो आपण. आकडा फारच खाली होता तिचा."

तिनं वही काढली. फेब्रुवारी, पहिला आठवडा. बोट ओळीवरून खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. सेहेचाळीस. सरांच्या भाषणात तो नंबर होता. त्या आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल काढलेला तिनं सकाळीच पाहिला होता.

तिनं कापसावरची तिसरी कुपी नुसती थोडी पुढं सरकवली. चिकटपट्टीवरचं दव ओघळलं आणि आकडा स्वच्छ दिसू लागला.

"ही वितळायला किती वेळ?" सिस्टरनं विचारलं.

"पंधरा-वीस मिनिटं."

खिडकीतून कोणाची तरी पावलं गेली, कुठल्या तरी घरी जाण्याच्या घाईत. सिस्टरनं डावी बाही खाली केली, मनगटाशी गुंडी लावली. सावकाश. मग तिनं उजवी बाही वर सरकवली, कोपराच्याही वर, आणि हात टेबलावर ठेवला, त्या कुपीच्या शेजारी.

"मी अगदी थोडं ओतायचे," ती म्हणाली. "एवढं नाही. आज हात थरथरला, जास्त पडलं. पुन्हा एकदा टोच."